शिक्का मारलेलं जठर

…नळी उजव्या हातात, नरसाळं नळीच्या तोंडावर आणि माझं तोंड नरसाळ्यावर, अशा अवस्थेत मी न्हाणीघरातल्या स्टुलावर पाऊण तास बसून होतो. नळीत जे काही जमलं होतं त्यात मुंगीचे पायसुद्धा भिजले नसते. नळीवर एक काळी रेघ असते. तिथपर्यंत लाळ भरायची, फेस धरायचा नाही, आणि त्याआधी अर्धा तास खाणंपिणं बंद. सोबतच्या पत्रकात एक सूचना होती : लाळ सुटत नसल्यास आंबट पदार्थांचा विचार करावा. मी लिंबाचा विचार केला. मग चिंचेचा. मग खात्यातल्या माझ्या शेवटच्या वरिष्ठांच्या चेहऱ्याचा. तोंड कोरडंच. बाहेरून दर पाच मिनिटांनी 'झालं का?' अशी विचारणा होत होती. या घरात छत्तीस वर्षं न्हाणीघरातल्या माणसाला हा एकच प्रश्न विचारला गेला आहे, आणि त्याचं इतकं खरं 'नाही' मी आजवर दिलं नव्हतं.

ती. अक्का, पत्राची सुरुवात अशी होत नाही हे मला कळतं. आधी नमस्कार, मग खुशाली, मग हवा, आणि कागद संपत आला की मुद्दा, ही आपल्या घरची पद्धत. पण तुझं पत्र तीन ओळींचं होतं आणि त्यात हवा नव्हती, म्हणून मीही एकदम न्हाणीघरापासून सुरुवात केली. आता रीतसर लिहितो. तुला (गुडघ्यांमुळे खुर्चीतूनच) साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे? 'पोट कसं आहे' असं लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. जठर काढून तुला चौदा महिने झाले. जे नाही त्याची खुशाली विचारणं बरं दिसत नाही. तू दिवसातून सहा वेळा वाटीवाटीने जेवतेस, जेवल्यावर अर्धा तास आडवी होत नाहीस, आणि तरी रोज वाचनालयात जाऊन लोकांना पुस्तकं परत न करण्यावरून रागावतेस, हे मी इथे सगळ्यांना सांगतो. ऐकणारे म्हणतात, बाई खंबीर आहे. मी म्हणतो, तुम्ही तिच्या हाताखाली वाढला नाहीत, म्हणून याला खंबीर म्हणता.

तर तुझ्या तीन ओळी. 'आजोबा, बाबा, मी. तुझा कागद अजून आलेला नाही. कारणं कळवू नकोस.' मी कारणं कळवत नाही. कागदच कळवतो. तो आला आहे. त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं आहे की कुटुंबात आढळलेला दोष या नमुन्यात आढळला नाही. हे वाक्य तू दोनदा वाच, मग पुढे जा. मी ते दिवसातून चारपाच वेळा वाचतो.

आता हा कागद कसा आला, ते सविस्तर लिहायला हवं, कारण तुला वाटत असेल की तुझा भाऊ घाबरून चार महिने घरात बसला. तसं काही नाही. तपासणी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. वजनमापे निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं काढली आहेत. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर आमचा शिक्का. वजन हलकं करायचं तर दुकानदार ते शिसं कोरतो. खरेदीसाठी जड वेगळं, विक्रीसाठी हलकं वेगळं. मी नुसतं हातात घेऊन सांगत असे. तुला तो साखरेचा घाऊक दुकानदार आठवतो का? (तुला मी ही गोष्ट सांगितली आहे. तू दर वेळी मध्येच उठून जातेस.) तो दर वर्षी शिक्क्यासाठी पाच किलोचं एकच वजन आणायचा. अचूक, गुंजभरही फरक नाही. अकरा वर्षं सगळ्या निरीक्षकांनी त्यावर डोळे मिटून शिक्का मारला. बाराव्या वर्षी मी गेलो. मी ते काट्यावर ठेवलंच नाही. कडीला नाक लावलं. कडीत साखरेचा एक कण नाही, हाताचा मळ नाही, मुंगी नाही. वापरातलं वजन इतकं सोवळं नसतं. मी म्हटलं, हे तपासणीचं झालं, आता दुकानातलं दाखवा. तेव्हा तो मला काय म्हणाला असेल? 'साहेब, हेपण घरातलंच आहे.' भावाच्या दुकानातून दर वर्षी उसनं आणत होता. निरोप समारंभात माझ्या कारकिर्दीविषयी जे चार शब्द बोलले गेले त्यातले तीन या वजनाविषयी होते.

त्यामुळे मी रुग्णालयात गेलो तो बरोबरीच्या नात्याने. आनुवंशिक तपासणीचा विभाग तिसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे, मोडक्या चाकांच्या खुर्च्यांच्या खोलीपलीकडे. दारावर पाटी आहे आणि पाटीखाली 'दार ढकलू नये, ओढावे' असा कागद आहे. मी आत गेल्यावर तासाभरात अकरा माणसांनी दार ढकललं. आत एक मुलगी बसते, माझ्या छोटीपेक्षा दोनतीन वर्षांनी लहान. तिला समुपदेशक म्हणतात. मी तिला मनातल्या मनात चौकटीवाली म्हणतो, कारण तिने नमस्कार केला, बसायला सांगितलं आणि लगेच एका मोठ्या कागदावर चौकटी काढायला घेतल्या. पुरुष म्हणजे चौकट, बाई म्हणजे वर्तुळ. माणूस गेला असेल तर त्यावर तिरकी रेघ. त्याला हा आजार असेल तर चौकट काळी भरायची. तुझं वर्तुळ तिने मी बसायच्या आधीच काळं भरून ठेवलं होतं. (रेघ नाही. मी खात्री करून घेतली.) माझी चौकट तुझ्या शेजारी, कोरी. मी तिला म्हटलं की माझी चौकट जरा तिरपी आली आहे. तिने खोडून नीट काढली. तेवढ्याने मला ती आवडली.

मग तिने विचारलं, आजोबा कशाने गेले? अक्का, इथे आपल्या घराण्याची पंचाईत झाली. आपल्यात आजाराने कोणी मेलेलंच नाही. आजोबा गेले ते शेजाऱ्याने कुंपण वीतभर आत घेतलं म्हणून. मोठे काका गेले ते मुलाने शिक्षण सोडून नाटक कंपनीत नाव घातलं त्याचा धसका घेऊन. बाबा गेले ते त्यांची बढती त्या चष्मेवाल्याने हिसकावली म्हणून. मी हे सगळं तिला तपशिलाने सांगितलं. कुंपणाचा खटला तर तारखांसकट सांगितला. तिने पेन खाली ठेवून ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं. कुंपणाच्या आधी त्यांचं जेवण कमी झालं होतं का? झालं होतं. दोन घासांत पोट भरायचं? भरायचं. तिने चौकट काळी केली. मोठ्या काकांचंही तेच. घास छातीशी अडायचा, पाण्याने उतरवायचे. काळी. बाबांना दोन वर्षं नुसतं पित्त होतं, ते पांढरं औषध बाटलीने प्यायचे, हे मी सांगत होतो तोवर तिसरीही काळी झाली. कुंपण, नाटक आणि चष्मेवाला कागदावर कुठेच आले नाहीत. शेवटच्या वर्षी बाबा तीनदा चांभाराकडे जाऊन पट्ट्याला आतल्या बाजूने भोकं पाडून आले होते, हे मला तिथे आठवलं. पण तिने पट्ट्याविषयी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या चौकटीकडे मी थोडा वेळ बघत बसलो. एवढ्यात बाबा मावले याचं मला आश्चर्य वाटलं.

मग तिने समजावून सांगितलं. तू हे सगळं ऐकलेलं आहेस, तरी मला समजलं आहे हे तुला कळावं म्हणून लिहितो. शरीराच्या पेशीत अक्षरांची लांबलचक यादी असते, आणि आपल्या घरात त्यातलं एक अक्षर चुकलेलं आहे. तुझ्या रक्तात ते सापडलं, म्हणून आता माझ्या नमुन्यात फक्त तेवढं एकच अक्षर बघायचं. असण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. (बाबांच्या बाबतीत नाणं एका बाजूला पडलं, तुझ्याही. म्हणून माझ्या वेळी दुसऱ्या बाजूला पडायला हवं, असा माझा हिशेब होता. चौकटीवाली म्हणाली की नाण्याला मागचं आठवत नाही.) असलं तर दर वर्षी दुर्बीण घालून जठर बघायचं, किंवा तुझ्यासारखं काढून टाकायचं. कारण जठराचा हा कर्करोग गाठ होऊन बसत नाही, अस्तराखाली विखुरलेला राहतो आणि दुर्बिणीलाही चकवतो. मी तिला विचारलं की आमच्या कायद्यात प्रत्येक वजनाला ठराविक चूक माफ असते, पाच किलोला अमुक, एक किलोला तमुक, तशी इथे किती माफ आहे? ती हसली नाही. म्हणाली, 'काका, इथे माफी नाही हो.' मी म्हटलं, मग तुमचा कायदा आमच्यापेक्षा कडक आहे. आणि नसलं तर? नसलं तर तुम्हीही सुटलात आणि तुमची मुलगीही. तिला तपासायचीही गरज नाही.

हे तिने सहज सांगितलं. छोटीचं वर्तुळ माझ्या चौकटीखाली होतं, एका उभ्या रेघेला टांगल्यासारखं.

नमुना रक्ताचा देता येतो किंवा लाळेचा. मी लाळेचा निवडला. सुईला मी भीत नाही, पण रक्त ही गंभीर गोष्ट आहे आणि मला प्रकरण उगाच गंभीर करायचं नव्हतं. शिवाय पोरीच्या वयाच्या मुलीसमोर थुंकणं मला प्रशस्त वाटेना, म्हणून नळी घरी आणली. मग ते न्हाणीघर, ते स्टूल, ते वरिष्ठ. पाऊण तासाने नळी भरली. रेघेच्याही किंचित वर भरली. मी झाकण लावलं, नाव लिहिलं आणि पाकीट कुरियरला दिलं.

एकविसाव्या दिवशी कागद आला. त्यानंतर इथे जे झालं ते वाचून तुला बरं वाटेल. पहिल्या दिवशी मी त्या कागदाला प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं. (लॅमिनेशनवाल्याने विचारलं, 'मुलाचं प्रमाणपत्र का?' मी म्हटलं, माझंच.) दुसऱ्या दिवशी त्याची एक लहान प्रत पाकिटात ठेवण्यासाठी केली. बागेत सकाळी फिरायला येणारे आम्ही सातजण आहोत. त्यांतला एकजण मधुमेहाचा कागद दाखवायचा, एकजण हृदयाचा. माझ्या कागदापुढे दोघेही गप्प झाले, कारण त्यांचे कागद आजचे असतात आणि माझा जन्मापासून मरेपर्यंतचा आहे. आता लोक मला सल्ला विचारतात. परवा एकाने विचारलं की त्याच्या सासऱ्याला अन्ननलिकेचा त्रास होता तर त्याने तपासून घ्यावं का. मी त्याला बाकावर बसवलं, वहीच्या पानावर चौकटी काढल्या आणि पंधरा मिनिटं समजावलं की सासऱ्याचं काहीही जावयाकडे येत नाही. आजार रक्ताच्या रेघेने उतरतो, स्वयंपाकघराच्या नाही. माणसाने माझे दोन्ही हात धरले. औषधाच्या दुकानातला तो टक्कलवालाही हल्ली मला 'डॉक्टर' म्हणतो. त्यात थोडी चेष्टा असेल, पण सुरुवात अशीच होते.

छोटीला मी त्याच दिवशी कळवलं. तिने आपल्या तपासणीसाठी दोन दिवसांची रजा टाकली होती. मी म्हटलं, रद्द कर. ती म्हणाली, 'नक्की ना बाबा?' मी म्हटलं, शिक्का आहे. तिने रजा रद्द केली. मग फोनवरच म्हणाली की आता मूल होऊ द्यायचं की नाही याचा ती दोघं मोकळेपणी विचार करू शकतील. ती कशाची वाट बघत होती हे मला तोवर माहीत नव्हतं.

ही (म्हणजे तुझी भावजय) मजेत आहे. तिची तक्रार एवढीच की मी हल्ली ताटात टाकतो. ती म्हणते, कागद आल्यापासून तुमचे लाड वाढले. खरं तर दोनतीन महिने चार घासांत पोट भरल्यासारखं होतं, पण उन्हाळ्यात असं होतंच. छातीत थोडं जळजळतं, ते तिच्या फोडणीमुळे. पट्टाही दोन भोकं आत गेला आहे. (सकाळच्या फिरण्याला दाद द्यायला हवी.) दुर्बिणीची तारीख चौकटीवालीने आधीच घेऊन ठेवली होती, ती अर्थातच मी रद्द केली. ज्यांना गरज आहे त्यांना ती मिळू दे.

तर अक्का, आता तू निश्चिंत राहा. एवढं आयुष्य माझी काळजी करण्यात घालवलंस, आता ती पुस्तकं परत न करणाऱ्यांची कर. तुझ्या सहाव्या जेवणाची वेळ झाली असेल, म्हणून इथे थांबतो. भावोजींना नमस्कार सांग. ते नाही म्हणाले तरी सांग.

तुझा, तपासून शिक्का मारलेला,
धाकटा भाऊ

ता. क. वरचं सगळं लिहून, घडी घालून झालं होतं. दुपारी चारला चौकटीवालीचा फोन आला. किरकोळ गोष्ट आहे, तुला सांगितली नसती तरी चाललं असतं. प्रयोगशाळा म्हणे अधूनमधून जुने नमुने पुन्हा ताडून बघते, आगाऊ सूचना न देता. (अचानक फेरतपासणी हे माझंच हत्यार. मला त्यांचं कौतुकच वाटलं.) त्यात माझ्या नळीतला नमुना बाईचा आहे असं निघालं. मी तिला विचारलं की तुमच्या यंत्राला शेवटचा शिक्का कधी मारला होता. ती म्हणाली, 'काका, आम्ही दोनदा बघितलं.' मग तिने हळूच विचारलं, 'घरात अजून कोण असतं?' मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

ता. क. २. पत्र पुन्हा उघडलं आहे. अक्का, ती नळी मी भरली नाही. पाऊण तासाने हिने दार वाजवलं नाही, सरळ आत आली. बरणीचं झाकण मला निघत नसलं की ती जशी बरणी माझ्या हातातून घेते, तशी तिने नळी घेतली. विचारलं, 'हे पोटाचंच बघायचं ना?' मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'मग छत्तीस वर्षं दोघांच्या पोटात एकच तर जातंय.' आणि ती लिंबू चिरूनच आली होती. दोन मिनिटांत रेघेच्या वर. नळी माझ्या हातात देऊन म्हणाली, 'घ्या. आता जेवायला चला.' तिच्याकडून यात काही खोटं झालेलं नाही. तिला खरंच तसं वाटलं. पण मला तर चौकटीवालीने तासभर समजावलं होतं. मी बागेत बाकावर बसून दुसऱ्याला समजावलं. नळीवर माझं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की आपल्या घराण्याचा दोष तुझ्या भावजयीत नाही, हे कागदोपत्री सिद्ध झालं आहे. तिच्यावर तसा आरोप कधी कोणी केला नव्हता. आणि मला आठवतं की त्या साखरवाल्याचा परवाना मी तीन महिन्यांसाठी बंद करवला होता. तो माझ्या पाया पडत होता आणि मी त्याला म्हणत होतो, बाबा रे, घरातलं असलं म्हणून काय झालं, दुसरं ते दुसरं.

ता. क. ३. तुझ्यापाशी मागायचं ते आता मागतो. लहानपणी आई दर महिन्याला एरंडेल द्यायची तेव्हा माझ्या वाटचा चमचा तू घ्यायचीस. आई वळली की तुझं तोंड उघडं असायचं. मी सात वर्षांचा होईपर्यंत एरंडेलाची चव मला माहीत नव्हती, आणि तुझं पोट दुसऱ्या दिवशी दुप्पट बिघडलेलं असायचं. या वेळी तसं करता येणार नाही हे मला समजतं. तुझा चमचा तू आधीच घेतलेला आहेस. पण मी एकटा गेलो की माझं तोंड कोरडं पडतं. तू ये. काही बोलू नकोस, नुसती शेजारच्या खुर्चीत बस, दार ओढायचं की ढकलायचं ते लोकांना सांगत. तुझे सहा डबे मी उचलीन. वर पोट आणि पट्टा यांविषयी जे लिहिलं आहे ते तू वाचलंस ना? मी ते सहज लिहिल्यासारखं लिहिलं. तुला बाबांचा पट्टा आठवत असेल.

आणखी एक. छोटीला मी सांगितलेलं नाही. मला सांगवणार नाही. ते तूच सांग.

ता. क. ४. सकाळ. पत्र पेटीत टाकायला काल हिच्याजवळ दिलं होतं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. (का राहिलं, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही.) तिने ते वाचलं. साडेसहाला उठवून म्हणाली, 'कपडे करा.' रुग्णालयाच्या दारात छोटी उभी होती. तिला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही आणि तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं नाही. मग वर जाताना जिन्यात तिने माझा कोपर धरला. आठ वाजता रक्त दिलं. दंडातून, दोन नळ्या. नळीवर चिकटवायच्या आधी मी नाव वाचून घेतलं. माझंच होतं. दुर्बिणीची तारीख सोमवारची मिळाली. छोटीचं रक्त माझा कागद आल्यावर. परत येताना पट्टा सैल झाला म्हणून चांभाराकडे थांबलो. हिने भोक पाडू दिलं नाही, म्हणाली, सोमवारनंतर बघू. पत्र आता मी स्वतः टाकतो आहे. तू रविवारी निघ.